मजला वाढवा, पण आधी कुलूप उघडा

शहरातल्या एखाद्या वस्तीत समाजमंदिरावर आणखी एक मजला चढवण्याचा प्रस्ताव आला की चर्चा ठरलेल्या वाटेने जाते. एक बाजू म्हणते, वस्ती वाढली, जागा पुरत नाही. मुलांना अभ्यासिका हवी, ज्येष्ठांना विरंगुळा केंद्र हवे, बचत गटांना बसायला खोली हवी. दुसरी बाजू विचारते, नळाला पाणी धड येत नाही, पहिल्या पावसात गटारे तुंबतात, आणि तुम्हाला सभागृह सुचते कसे? दोन्ही बाजू तावातावाने भांडतात, पण भांडण इमारतीपुरतेच राहते. मजला बांधून झाल्यावर त्याचे दार रोज कोण उघडणार, दिवे कोण लावणार, पंखा बिघडला तर कोणाला सांगायचे आणि या सगळ्याचे पैसे कुठून येणार, हे ना मागणारे विचारतात ना अडवणारे. वादाचा खरा मुद्दा मात्र हाच आहे. वस्तीतल्या सामाजिक केंद्राच्या विस्ताराला सार्वजनिक पैसा द्यावाच, पण केंद्र चालवण्याचा वार्षिक खर्च त्याच ठरावात मंजूर होणार असेल तरच. चालवण्याच्या तरतुदीविना आलेला विस्ताराचा प्रस्ताव फेटाळणे हेच वस्तीच्या हिताचे आहे.

असे म्हणावे लागते, कारण आपल्याकडे निधीची रचनाच बांधकामाकडे झुकलेली आहे. खासदारांचा स्थानिक क्षेत्र विकास निधी डिसेंबर 1993 मध्ये सुरू झाला आणि 2011-12 पासून तो दरवर्षी 5 कोटी रुपये आहे. महाराष्ट्रातल्या आमदारांचा निधीही आता 5 कोटींवर गेला आहे. समाजमंदिरे, बहुउद्देशीय सभागृहे, व्यायामशाळा यांतली बरीच कामे याच पैशांतून किंवा वस्ती सुधारणेच्या शासकीय योजनांमधून होतात. या निधीचा सारा भर टिकाऊ मालमत्ता उभी करण्यावर असतो. कर्मचाऱ्याचा पगार, वीजबिल, झाडलोट असा दरमहाचा खर्च त्यात बसत नाही. काम मंजूर करण्याआधी वापरकर्त्या संस्थेकडून देखभालीची हमी घ्यावी, असे खासदार निधीची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पण ही हमी म्हणजे नस्तीतला एक कागद. त्यामागे पैसा उभा नसतो. देशाच्या महालेखापरीक्षकांनी या योजनेचे लेखापरीक्षण केले तेव्हा अनेक जिल्ह्यांत उभारलेल्या मालमत्तांच्या नोंदवह्याच ठेवलेल्या नव्हत्या. काय बांधले याची नोंद नसेल, तर ते चालू आहे की बंद याची नोंद कोण ठेवणार? भूमिपूजन आणि लोकार्पण या दोन दिवसांना लोकप्रतिनिधी हजर असतात, कोनशिलेवर नाव येते. केंद्र रोज संध्याकाळी वेळेवर उघडले, यासाठी मात्र कोणाच्या नावाची पाटी लागत नाही. खर्चाची दिशा त्यामुळे आपोआप ठरून जाते.

थोडे गणित करून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, पण हिशेब कोणालाही आपल्या प्रभागापुरता ताडून पाहता येईल. समजा वाढीव मजल्याचा खर्च दीड कोटी रुपये आहे. ते केंद्र सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत नीट चालवायचे तर दोन पाळ्यांतले रखवालदार, एक सफाई कर्मचारी, अभ्यासिकेसाठी एक माणूस आणि कार्यक्रम आखणारा एक प्रशिक्षित समाजसेवक लागेल. पगार, वीज, पाणी, किरकोळ दुरुस्ती आणि दर काही वर्षांची रंगरंगोटी धरून वर्षाला 18 लाख रुपये लागतात असे मानू. म्हणजे आठ वर्षे चार महिन्यांत चालवण्याचा खर्च बांधण्याच्या खर्चाला गाठतो. इमारत 50 वर्षे टिकली तर आजच्या भावाने 9 कोटी रुपये लागतील, बांधकामाच्या सहापट. आपण चर्चा करतो ती दीड कोटीची आणि विसरतो ते 9 कोटी. हा खर्च कोणीच मंजूर केलेला नसल्यामुळे दोनच गोष्टी घडतात. एक तर केंद्राला कुलूप लागते, नाहीतर ते लग्न, बारसे आणि वाढदिवसांना भाड्याने देऊन चालवले जाते आणि ज्यांच्या नावाने मजला मागितला ती मुले, म्हातारी माणसे आणि बायका बाहेरच राहतात.

केंद्र माणसांमुळे चालते, ही समज आपल्याकडे नवी नाही. मुंबईने ती शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिली होती. नारायण मल्हार जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. गिरणगावात तिने वाचनालये आणि रात्रशाळा चालवल्या. तिचे सारे बळ चिकाटीने काम करणाऱ्या कार्यकर्त्यांत होते. पुढे 1920 च्या दशकात क्लिफर्ड मॅनशर्ट या अमेरिकी मिशनरीने नागपाड्यात नेबरहूड हाऊस उभे केले. दाट, गरीब, अनेक धर्मांच्या त्या वस्तीत सर्वांना खुले असलेले ते केंद्र होते. हे काम हौशी माणसांच्या भरवशावर फार काळ चालणार नाही, त्यासाठी शिकलेली, पगारी माणसे हवीत, हे मॅनशर्ट यांना उमगले. त्या गरजेतूनच 1936 मध्ये समाजकार्याचे शिक्षण देणारी सर दोराबजी टाटा संस्था नागपाड्यातच सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. देशातली समाजकार्याची पहिली मोठी शिक्षणसंस्था एका वस्तीकेंद्रातून जन्माला आली, हे आपल्या नगरपालिकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिसरे उदाहरण सरकारी आहे. मुंबई राज्याने 1953 मध्ये कामगार कल्याण निधी कायदा केला. कामगार, मालक आणि शासन या तिघांनी नियमित वर्गणी द्यायची आणि तिच्यातून कामगार कल्याण केंद्रे, ललित कला भवने, शिवणवर्ग, शिशुमंदिरे आणि नाट्यस्पर्धा चालवायच्या, अशी ही रचना. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगाव हळूहळू उजाड झाला, या केंद्रांचीही रया पूर्वीसारखी राहिली नाही. तरीही हा निधी चालवणारे कामगार कल्याण मंडळ टिकले, कामगारांची नाट्यस्पर्धा आजही भरते. त्याचे श्रेय चालू खर्चाची सोय कायद्यातच करून ठेवणाऱ्यांना द्यावे लागेल.

याच मुद्द्याला सर्वांत भक्कम पुरावा ब्रिटनमधून मिळतो, कारण तिथे सरकारने अशी केंद्रे उघडलीही आणि बंदही केली आणि दोन्हींचे परिणाम मोजले गेले. 1999 पासून इंग्लंडमधल्या गरीब वस्त्यांत ‘शुअर स्टार्ट’ नावाची बालक-पालक केंद्रे सुरू झाली. एका छपराखाली आरोग्य, बालशिक्षण, पालकांना सल्ला आणि रोजगाराची मदत, असे त्यांचे स्वरूप. लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज या संस्थेने या मुलांचा किशोरवयापर्यंत माग काढला. केंद्राजवळ वाढलेल्या मुलांची शालान्त परीक्षेतली कामगिरी सुधारलेली दिसली, गरीब मुलांची सर्वाधिक. शिवाय किशोरवयात त्यांना रुग्णालयात भरती करावे लागण्याचे प्रमाणही घटले. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या चर्चेला जास्त लागू पडते. परीक्षेतला हा फायदा सुरुवातीच्या टप्प्यातल्या केंद्रांपुरताच मर्यादित निघाला. त्या केंद्रांना भरपूर निधी होता, कारभारात स्थानिक लोकांचा सहभाग होता आणि कर्मचारी घरोघरी जाऊन पालकांना बोलावत. पुढे केंद्रांची संख्या झपाट्याने वाढवली, प्रत्येकाच्या वाट्याचा पैसा घटला आणि त्या नव्या केंद्रांचा परीक्षेवर परिणाम जवळपास दिसलाच नाही. त्याच संस्थेने लंडनमधल्या युवा केंद्रांचाही अभ्यास केला. 2010 ते 2019 या काळात तिथली सुमारे 30 टक्के युवा केंद्रे खर्चकपातीत बंद झाली. जवळचे केंद्र बंद झालेल्या मुलांचे परीक्षेतले गुण घसरले, त्यांच्यातले गुन्ह्यांचे प्रमाण 14 टक्क्यांनी वाढले आणि वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला जवळपास तीन पौंडांचा भुर्दंड बसला. इंग्लंडचे आकडे जसेच्या तसे धारावीला किंवा येरवड्याला लावता येणार नाहीत. पण चालते केंद्र चैनीची बाब नाही आणि नुसते नावाचे केंद्र फळ देत नाही, हे दोन निष्कर्ष कुठल्याही शहराने घ्यावेत असे आहेत.

महाराष्ट्राच्या शहरांना अशा केंद्रांची गरज उलट अधिक आहे. 2011 च्या जनगणनेनुसार राज्यातल्या दर दहा माणसांमागे जवळपास एक जण साठीच्या पुढचा होता; हे प्रमाण आता आणखी वाढले असणार. एका खोलीच्या घरात सून, नातवंडे आणि सासू-सासरे राहतात तेव्हा दुपारी घराबाहेर बसायला जागा असणे ही म्हाताऱ्या माणसाच्या आरोग्याची बाब असते. दहावीच्या मुलीला दिव्याखाली शांत कोपरा हवा असतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले तर पुण्यात महिन्याचे भाडे मोजून खासगी अभ्यासिकांमध्ये बसतात. पत्र्याच्या घरांत मे महिन्याची दुपार काढणे जिवावर येते. 1995 मध्ये शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेने 700 हून अधिक बळी घेतले. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी तेव्हा शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. जिथे दुकाने, रस्ते आणि एकत्र येण्याच्या जागा गजबजलेल्या होत्या तिथे मृत्यूचे प्रमाण कितीतरी कमी होते, कारण एकट्या म्हाताऱ्यांना घराबाहेर पडायला जागा होती आणि त्यांची विचारपूस करणारे कोणी होते. विदर्भ-मराठवाड्यातल्या शहरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पंखे, थंड पाणी आणि स्वच्छतागृह असलेले, भर दुपारी उघडे राहणारे केंद्र तिथे उन्हाळ्यात जीव वाचवू शकते. अट एवढीच, ते उघडे हवे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप प्राधान्याचा: आधी पाणी, गटारे, रस्ते, मग सभागृह. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ज्या वस्तीत टँकर येतो तिथे सभागृहाची गोष्ट करणे क्रूर वाटू शकते. पण पाणी आणि केंद्र यांत निवड करावी लागते असे मानण्यात हिशेबाची गफलत आहे. मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटी रुपयांचा होता आणि त्यातले 43 हजार कोटींहून अधिक, म्हणजे सुमारे 58 टक्के, भांडवली कामांसाठी होते. एवढ्या डोंगरात प्रत्येक प्रभागातले एकेक केंद्र नीट चालवण्याचा खर्च शोधायला दुर्बीण लागेल. छोट्या नगरपालिकांची गोष्ट वेगळी. त्यांची तिजोरी खरोखर रिकामी असते आणि तिथे प्राधान्याचा प्रश्न खरा आहे. म्हणूनच त्यांनी नवा मजला न मागता आहे ते केंद्र चालवण्यापुरते पैसे मागावेत. ते स्वस्तही पडेल आणि लोकांच्या हाती लगेच काहीतरी लागेल. शिवाय उद्याने, क्रीडांगणे आणि सांस्कृतिक-शैक्षणिक सोयी या 74 व्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या अनुसूचीतच नागरी संस्थांच्या कामांत मोडतात. त्या नागरी संस्थांच्या मेहेरबानीच्या गोष्टी मानण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ही केंद्रे सर्वांची राहत नाहीत. एखादा पक्ष, एखादे मंडळ, एखादी जात त्यांवर बसते, मग सार्वजनिक पैशाने कोणा एकाची बैठक का सजवावी? भीती खरी आहे आणि तिला इतिहासाचा आधार आहे. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या पाणवठ्यांवर, विहिरींवर आणि धर्मशाळांमध्ये अस्पृश्यांना मज्जाव नसावा, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने 1923 मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी प्यायला 1927 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. ठरावाने जागा खुली होत नाही, ती वापरता आली तरच खुली होते. गावाची चावडी आणि देवळे ज्यांना बंद होती त्या वस्त्यांत समाजमंदिर हे कित्येकदा पहिले हक्काचे छप्पर ठरले, हेही विसरून चालणार नाही. त्यामुळे ताबेदारीच्या भीतीने केंद्रच नाकारणे म्हणजे दुबळ्यांचा दरवाजा बंद करणे होईल. बळकटांना बसायला जागांची कमतरता कधीच नसते. ताबेदारीवर उपाय कारभारात आहे: दाराबाहेर ठळक लावलेले वेळापत्रक आणि दरपत्रक, आरक्षणाची सर्वांना पाहता येणारी नोंदवही, पक्षकार्यालयाला पूर्ण मनाई आणि निम्म्या महिला असलेली, ठरावीक मुदतीने बदलणारी व्यवस्थापन समिती. यासाठी पगारी, जबाबदार माणूस जागेवर लागतो. ज्या केंद्राला कर्मचारीच नाही त्याची किल्ली नेहमी वस्तीतल्या सर्वांत वजनदार माणसाच्या खिशात जाते.

तिसरा आक्षेप बाजाराच्या बाजूने येतो. केंद्राने स्वतःचा खर्च स्वतः काढावा, सभागृह भाड्याने द्यावे किंवा सगळेच एखाद्या संस्थेला चालवायला द्यावे. करदात्यावर भार कशाला? भाड्याचे उत्पन्न अजिबात नको असे कोणी म्हणणार नाही. शहरात लग्नकार्यासाठी स्वस्त जागा मिळणे हीदेखील मध्यम आणि गरीब कुटुंबांची खरी गरज आहे. पण संपूर्ण खर्च भाड्यातूनच काढायचा ठरला की वेळापत्रक भाडे देणाऱ्याच्या हातात जाते. मुहूर्त अभ्यासाच्या वेळा पाहून येत नाहीत; डिसेंबर ते मे हा लग्नसराईचा काळ आणि नेमका हाच परीक्षांचाही. मोकळ्या भूखंडांचा आणि मैदानांचा मुंबईतला अनुभवही फार उत्साहवर्धक नाही. देखभालीसाठी खासगी संस्थांकडे दिलेल्या काही जागांवर क्लब उभे राहिले, सभासदत्वाच्या भिंती उठल्या आणि त्या परत मिळवण्यासाठी नागरिकांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. मधला मार्ग आहे. आठवड्यातले काही ठरावीक दिवस भाड्यासाठी, बाकी सर्व वेळ वस्तीसाठी. भाड्याचे उत्पन्न त्याच केंद्राच्या खात्यात आणि उरलेली तूट महापालिकेच्या महसुली अंदाजपत्रकातून. वाचनालय, बाग किंवा पदपथ यांच्याकडून आपण नफ्याची अपेक्षा करत नाही. वस्तीकेंद्राला तीच वागणूक द्यावी.

चौथा आक्षेप मान्यच करायला हवा. विस्तार मैदानावर होणार असेल तर तो नको. मोकळी जागा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकदा गेली की परत येत नाही, आणि मुलांच्या खेळाची जागा खाऊन मुलांसाठी सभागृह बांधणे हा उफराटा न्याय आहे. विस्तार वर चढवावा, किंवा त्याहून बरे म्हणजे आधी बांधून पडलेल्या जागा शोधाव्यात. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या प्रत्येक प्रकल्पात बालवाडी आणि कल्याण केंद्रासाठी जागा सोडणे नियमाने बंधनकारक आहे. विकासकाकडून सुविधेची बांधीव जागा महापालिकेला मिळण्याची तरतूदही मुंबईच्या विकास नियमावलीत आहे. अशा खोल्यांचे नेमके काय झाले, किती चालू आहेत आणि किती गोदामे बनल्या आहेत, याची प्रभागवार यादी प्रसिद्ध झाली तर कित्येक ठिकाणी नव्या मजल्याची गरजच उरणार नाही.

म्हणून यापुढे विस्ताराच्या प्रत्येक प्रस्तावाला तीन कागद जोडलेले असावेत. पहिला, सध्याचे केंद्र गेल्या वर्षभरात रोज किती तास उघडे होते आणि कोणी वापरले, याची नोंद. जे केंद्र दिवसातले चार तासही उघडत नाही त्याला मजला नको, कर्मचारी द्या. दुसरा, पुढच्या दहा वर्षांच्या चालू खर्चाचा अंदाज आणि तो कोणत्या लेखाशीर्षातून येणार याची हमी. तिसरा, लोकांनी पाहून मान्य केलेली व्यवस्थापनाची नियमावली. पैशाच्या कायम सोयीसाठी केरळचे उदाहरण समोर आहे. तिथल्या 1989 च्या कायद्याने मालमत्ता करावर 5 टक्के ग्रंथालय उपकर बसवला आणि गावोगावच्या ग्रंथालयांना हक्काचा पैसा मिळाला. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा 1967 चा, म्हणजे केरळच्या आधीचा. पण त्यात असा उपकर नाही आणि आपली ग्रंथालये अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेली असतात. मालमत्ता करातला छोटा, ठरावीक हिस्सा वस्तीकेंद्रांसाठी राखून ठेवला तर नवा कर न लावताही हे काम होईल. सोबत आमदार आणि खासदार निधीचे नियम बदलून, त्या निधीतून बांधलेल्या वास्तूच्या पहिल्या पाच वर्षांच्या चालू खर्चासाठी काही भाग राखून ठेवण्याची मुभा द्यावी.

लोकांच्या सहभागाची साधनेही कागदावर तयार आहेत. पुणे महापालिकेने 2006-07 पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घ्यायला सुरुवात केली. पण प्रत्येक कामाला 5 लाखांची मर्यादा घातल्याने पदपथ, दिवे, बाके अशा छोट्या कामांपलीकडे ही पद्धत फारशी गेली नाही. त्याच अर्जात ‘कोणते केंद्र किती तास उघडे हवे’ एवढा एक रकाना वाढवायला अडचण कोणती? महाराष्ट्राने 2009 मध्ये शहरांसाठी क्षेत्रसभांची तरतूद कायद्यात केली. ग्रामसभेसारखी ती मतदारांची सभा आहे, पण ती शहरांत प्रत्यक्षात रुजलीच नाही. त्यानंतर मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत 2022 पासून वर्षानुवर्षे निवडून आलेले नगरसेवकही नव्हते. निर्णय प्रशासकांच्या टेबलावर झाले. वस्तीचे केंद्र कसे चालावे, हा प्रश्न अशा क्षेत्रसभेत चर्चेला घेण्याजोगा आहे, कारण त्याचे उत्तर मुख्यालयातल्या अधिकाऱ्यापेक्षा दारात राहणाऱ्या बाईला चांगले ठाऊक असते.

तेव्हा पुढच्या वेळी समाजमंदिराच्या विस्ताराचा विषय आपल्या प्रभागात निघेल तेव्हा मतदारांनी बाजू घेण्याआधी नगरसेवकाला एकच प्रश्न विचारावा: हे केंद्र रोज किती तास उघडे राहणार आणि त्याचे पैसे अंदाजपत्रकाच्या कोणत्या पानावर आहेत? पान दाखवले तर मजल्याला खुशाल हो म्हणा. पान नसेल तर कितीही देखणा आराखडा समोर ठेवला तरी नाही म्हणा आणि तेच पैसे आधी बंद दार उघडण्यासाठी मागा.